कमी बोलणाऱ्याचं नाव कसं होतं

बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हे मराठवाड्यातल्या बहुतेक अबोल पोरापोरींनी घरातल्या कुणा ना कुणाकडून ऐकलेलं असतं. मामा ऐकवतो, आत्या ऐकवते, कॉलेजातले सर ऐकवतात. ऐकून ऐकून मनात पक्कं बसतं की नाव कमवायचं तर आधी स्वभाव बदलावा लागेल. स्वभाव काही बदलत नाही, मग नाव कमवायचा विचारच मागे पडतो. चोख हिशेब ठेवणारे, जीव ओतून शिकवणारे, मशिनीच्या नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारे कितीतरी लोक लातूर, नांदेड, परभणीकडे या एका समजुतीपायी मागे राहिले आहेत. त्यांच्या कामाला मिळायला हवा तो भाव मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून 'पर्सनल ब्रँड' म्हणतात तो नेमका काय असतो, तो लागतो कशाला, आणि चारचौघांत तोंड उघडणं ज्याच्या जिवावर येतं त्याने तो कसा उभा करावा, हे इथे नीट उलगडून पाहू.

नाव लागतं कशाला

माणसाचाही ब्रँड असतो ही कल्पना जगभर पसरली ती १९९७ नंतर. त्या वर्षी टॉम पीटर्स या अमेरिकी व्यवस्थापन लेखकाने 'फास्ट कंपनी' या मासिकात लिहिलं की कंपन्या आपला ब्रँड सांभाळतात तसा प्रत्येक नोकरदाराने स्वतःचा सांभाळावा. आपल्याकडे मात्र नाव करणं म्हटलं की चौकातला फ्लेक्सच डोळ्यांसमोर येतो. मोठा फोटो, जोडलेले हात, खाली शुभेच्छुकांची रांग. अबोल माणूस ते बघतो आणि मनाशी म्हणतो, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही. त्याचं बरोबर आहे. पण फ्लेक्सने तोंडओळख होते, भरवसा बसत नाही, आणि आपल्याला हवा आहे तो भरवसा.

भरवसा का विकत घेतला जातो हे अर्थशास्त्राने छान उलगडून दाखवलंय. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेतलं. गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला कळत नाही. मग घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देऊ करतो. तो भाव चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो बाजारातून उठून जातो, आणि मागे खराब मालच जास्त उरतो. १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स यांनी पुढचा प्रश्न घेतला: चांगल्या उमेदवाराने आपलं चांगलेपण समोरच्याला पटेल असं दाखवायचं कसं? या दोघांना आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना याच कामासाठी २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे समजून घ्यायला मराठवाड्यातल्या माणसाला मोटारींची गरज नाही, बियाणं पुरे. सोयाबीनच्या दोन बॅगा शेजारी ठेवल्या तर कुठलं बी उगवेल हे बघून सांगता येत नाही. कळतं ते पेरल्यावर. खराब निघालं तर खर्च अंगावर येतो आणि दुबार पेरणीची वेळ येते. म्हणून शेतकरी दोन गोष्टींवर विसंबतो. पहिली म्हणजे नाव: गेल्या साली कुणी काय पेरलं, किती उगवलं. जालना बियाण्यांचं शहर झालं ते याच आधारावर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे महिको ही बियाणं कंपनी सुरू केली, आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दुसरी गोष्ट म्हणजे घरची परीक्षा. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, ओल टिकवायची, आणि आठवडाभराने उगवलेले मोजायचे. सोयाबीनचे सत्तर किंवा जास्त दाणे उगवले तर बियाणं पेरायला योग्य.

तुम्हाला काम देणारा माणूस अगदी याच जागी उभा असतो. तुमच्या अंगातलं कसब त्याला दिसत नाही. ते कळेल काम दिल्यानंतर, पैसे आणि वेळ गेल्यावर. म्हणून तोही दोनच गोष्टी शोधतो: आधी ज्यांनी अनुभव घेतला त्यांचं मत, आणि स्वतः तपासता येईल असा कामाचा नमुना. पर्सनल ब्रँड या दोन गोष्टींचाच बनतो. "अमुक काम अडलंय, कुणाला विचारू?" असं कुणीतरी कुणालातरी विचारतं आणि तुम्ही तिथे नसताना तुमचं नाव निघतं, एवढंच त्याचं स्वरूप. यात मोठ्या आवाजाची गरज कुठेच लागत नाही. गरज लागते ती मत आणि नमुना लोकांना सापडण्याची. अबोल माणसाचं घोडं अडतं ते इथे, बोलण्यापाशी नाही.

अंतर्मुख वेगळा, बुजरा वेगळा

पुढे जाण्याआधी स्वतःबद्दल एक गोष्ट तपासून घ्यावी लागते, कारण उपाय त्यावर ठरतो.

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी प्रचलित केली कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाने, १९२१ साली. पुढे १९६७ मध्ये हान्स आयसेंक यांनी मांडलं की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागृत असतो, त्यामुळे गोंगाट, गर्दी, एकाच वेळी चार माणसांशी बोलणं यांचा त्याच्यावर लवकर ताण येतो. ही मांडणी जशीच्या तशी टिकलेली नाही. पण गर्दीत कुणाची ऊर्जा वाढते आणि कुणाची लवकर संपते, हा फरक खरा आहे. हे दोन कप्पेही नाहीत, एक लांब पट्टी आहे, आणि बहुतेक माणसं तिच्या मधल्या भागात कुठेतरी असतात.

बुजरेपणा वेगळा. बुजऱ्या माणसाला लोकांत जायचं असतं, पण लोक काय म्हणतील याची भीती आडवी येते. अंतर्मुख माणसाला भीती नसते, त्याला थोडक्यात भागतं. स्वतःला एक प्रश्न विचारा: लग्नघरातून लवकर निघालात ते दमलात म्हणून, की कुणी काही विचारेल म्हणून?

आता मराठवाड्याची खास गोष्ट, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडची पुष्कळ मुलं पुण्याला गेली की स्वतःला 'इंट्रोव्हर्ट' म्हणायला लागतात. तीच मुलं गावी पारावर बसली की दोन-दोन तास बोलतात, नकला करतात, सगळ्यांना हसवतात. मग पुण्यात गप्प का? कारण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्यांच्या 'करायलो', 'जायलो'ला हसलेलं असतं. 'कामून' म्हटलं की वर्गात खसखस पिकते. त्या दिवसापासून मूल प्रत्येक वाक्य तोंडात दोनदा घोळवतं, आणि घोळवून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. याला अंतर्मुखता म्हणू नका. ही दुखावलेली भाषा आहे. लातूर पॅटर्नने बारावीत लेखी परीक्षा गाजवलेली मुलं गटचर्चेत मागे पडतात, त्याचं हे एक मोठं कारण आहे असं माझं मत आहे. त्यांना स्वभावावर औषध नको, त्यांना हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवं की तुमची बोली अशुद्ध नाही, ती तुमच्या मुलखाची आहे. कामाच्या ठिकाणी प्रमाण मराठी किंवा इंग्रजी वापरायची तर ती जरूर कमवा, पण घरची टाकून नव्हे. शेती, आरोग्य, बँकेचं कर्ज अशा विषयांवर मराठवाड्यातल्या माणसाला त्याच्याच बोलीत समजावणारा व्हिडिओ इथे जितक्या लवकर आपला वाटतो तितका पुणेरी मराठीतला वाटत नाही. जिची लाज वाटत होती तीच बोली इथे ओळख बनते.

आणि छातीत धडधड, घाम, रात्रीची झोप जाणं, त्यापायी मुलाखतीच टाळणं असं होत असेल तर तो सामाजिक भयाचा त्रास असू शकतो. तो उपचाराने बरा होऊ शकतो. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

एकच वाक्य ठरवा

कामाला लागायचं ते इथून. लोकांनी तुम्हाला कशासाठी आठवावं, हे एका वाक्यात लिहा. 'मी इंजिनिअर आहे' हे वाक्य कामाचं नाही, कारण ते ऐकून कुणाला कुणाची अडचण आठवत नाही. 'वाळूजच्या छोट्या कारखान्यांच्या जुन्या सीएनसी मशिनी दुरुस्त करतो' म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच त्याच्या मेव्हण्याचं वर्कशॉप आठवतं. 'टॅक्स कन्सल्टंट'पेक्षा 'किराणा आणि कापड दुकानदारांचं जीएसटी बघते' हे दहापट बरं. परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकून आलेल्या मुलाने 'कृषी सल्लागार' म्हणवून घेण्यापेक्षा 'मोसंबीच्या बागेची फळगळ बघतो' म्हणावं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बागा भरपूर आहेत, आणि फळगळ हा बागायतदाराचा कायमचा घोर.

इतकं अरुंद केलं तर बाकीची कामं जातील, अशी भीती सगळ्यांना वाटते. ती खरी ठरत नाही. लोक एका कामासाठी येतात आणि भरवसा बसला की इतर कामंही आणतात. अंतर्मुख माणसाला अरुंद वाक्याचा आणखी एक फायदा होतो: विषय आपला असला की बोलायला वेगळी हिंमत गोळा करावी लागत नाही. हवापाण्याच्या गप्पांत जो गप्प असतो, त्याला फळगळीवर छेडून बघा.

हेच वाक्य लग्नकार्यातही कामाला येतं. मांडवात मामा विचारतातच, "काय करायलास रे सध्या?" आपण म्हणतो, "कंपनीत हाय मामा," आणि विषय संपतो. त्याऐवजी "मामा, कारखान्यांच्या बंद पडलेल्या मशिनी चालू करून देतो. कुणाची अडली तर माझा नंबर द्या," एवढं पाठ असलं तरी पुरे. मामा मग ते पाच जणांना सांगतात. मामांना बोलायला आवडतं, त्यांना काहीतरी सांगण्याजोगं देणं हे आपलं काम.

काम सापडलं पाहिजे

अंतर्मुख माणसाची खरी ताकद इथे आहे. तो एकट्याने बसून नीट विचार करू शकतो, लिहू शकतो, न कंटाळता एखादी गोष्ट शेवटास नेऊ शकतो. आणि लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवलेली गोष्ट एकदा केली की तुम्ही झोपेत असतानाही लोकांना सापडते. गर्दीत पन्नास जणांशी हात मिळवण्यापेक्षा हे कितीतरी सोयीचं.

लिहायचं काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. उत्तर तुमच्या रोजच्या कामात आहे. लोक तुम्हाला जे प्रश्न विचारतात ते महिनाभर वहीत टिपून ठेवा. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येताना दिसतील. प्रत्येकाचं उत्तर एकदाच, पण मन लावून तयार करा: पानभर मजकूर, चार फोटो, किंवा पाच मिनिटांचा व्हिडिओ. व्हिडिओत चेहरा दिसलाच पाहिजे असं नाही. झाडाच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावणारे हात दिसले, टॅलीची स्क्रीन दिसली, उघडलेली मोटार दिसली आणि मागून शांत आवाज आला की बघणाऱ्याला जे हवं ते मिळालं. पंधरा दिवसांतून एक झालं तरी वर्षाकाठी सव्वीस होतात, आणि सव्वीस चांगली उत्तरं मराठीत उपलब्ध असणं ही अनेक विषयांत मोठी गोष्ट आहे.

जागा कुठली निवडायची? सगळीकडे असायची गरज नाही. ज्याचं गिऱ्हाईक गावातलं आहे त्याने गूगल बिझनेस प्रोफाइल आधी करावं, कारण लोक 'जवळचा फिजिओथेरपिस्ट' असंच शोधतात, आणि तिथे गिऱ्हाइकांची मतंही दिसतात. ज्याला पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशी कंपनीत काम हवंय त्याने लिंक्डइन, आणि सॉफ्टवेअरवाल्याने गिटहब. शेतीशी संबंध असेल तर यूट्यूब आणि व्हॉट्सअ‍ॅप. व्हॉट्सअ‍ॅपचं एक ध्यानात ठेवा: ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो संदेश पोचतो. म्हणजे ती यादी आपोआप तुम्हाला ओळखणाऱ्यांचीच राहते. शंभर अनोळखी ग्रुपांत पोस्ट टाकण्यापेक्षा ती मोलाची. पैसे देऊन फॉलोअर किंवा पुरस्कार घेण्याच्या वाटेला जाऊ नका. ज्याला काम द्यायचंय तो नमुनाच बघतो.

आता मुख्य अडसर. "स्वतःबद्दल स्वतःच काय सांगायचं?" आपल्याकडच्या साध्या घरांत हा संस्कार खोल आहे आणि त्यात चांगुलपणाही आहे. तो मोडायची गरज नाही. विशेषणं गाळा आणि घडलेलं सांगा. 'मी उत्कृष्ट शिक्षिका आहे' ही बढाई. 'सातवीच्या ज्या मुलांना भागाकार येत नव्हता त्यांना मी चिंचोक्यांनी कसा शिकवला, ते हे असं' ही माहिती. माहिती सांगताना कुणाचंच तोंड आखडत नाही. नोकरीतही हेच. साहेबांना दर शुक्रवारी चार ओळींचा संदेश: या आठवड्यात काय पूर्ण झालं, काय अडलं, पुढे काय. मीटिंगमध्ये तोंड न उघडणाऱ्या माणसाचं काम दिसत नाही आणि बढती दुसऱ्याला मिळते, ही तक्रार मी फार ऐकतो. त्यावर या चार ओळींइतका स्वस्त इलाज दुसरा नाही. आणि जे काम तुम्ही एकट्याने केलं ते 'आम्ही केलं' असं लिहू नका. टीमला तिचं श्रेय द्या, स्वतःचं स्वतःला.

कामावर नाव घालणं म्हणजे अहंकार, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच मातीकडे बघावं. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ. ज्यांनी आयुष्यभर अहंकार सोडायला सांगितलं, त्यांनीही अभंगाच्या शेवटी आपली मुद्रा ठेवली. जनाबाई स्वतःला नामदेवांची दासी म्हणवत, तरी 'दासी जनी' ही मुद्रा त्यांच्या अभंगांत आहे. एकनाथांनी तर 'एका जनार्दनी' म्हणत आपल्या नावाशेजारी गुरूचंही नाव ठेवलं. कुणी रचलं हे ऐकणाऱ्याला कळावं, यात त्यांना गैर वाटलं नाही.

मुलींसाठी थोडं वेगळं सांगावं लागतं. फोटो टाकला की नको ते मेसेज येतात, नातेवाईक घरी येऊन सांगतात, ही अडचण खरी आहे आणि तिला 'धीट व्हा' हे उत्तर नव्हे. धंद्याचा नंबर घरच्यापेक्षा वेगळा घ्या. फोटो कामाचे टाका. आरी वर्कचं ब्लाउज, त्यावरचे टाके आणि रेशीम दिसलं तर बाईचा चेहरा दिसायची गरज नाही. मात्र नाव स्वतःचं ठेवा. काम बायको करते आणि बोर्डावर नाव नवऱ्याचं, असं झालं की पाच वर्षांच्या कष्टांतून जमलेली ओळख तिच्या हाती राहत नाही.

पहिली पोस्ट टाकताना हात थरथरतो. सगळं जग बघतंय असं वाटतं. याची परीक्षा अमेरिकेत थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली, निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्याला एक लाजिरवाणा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवायचं, आणि किती जणांच्या तो लक्षात आला असेल हे विचारायचं. विद्यार्थ्यांना वाटलं, जवळपास निम्म्यांच्या. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांच्या लक्षात आला होता. तुमच्या पोस्टमधली चूक तुम्हाला रात्रभर दिसते, इतरांना बहुधा दिसतही नाही.

दूरच्या ओळखी

ओळखी वाढवा म्हटलं की अंतर्मुख माणसाला हॉटेलातला हॉल आणि व्हिजिटिंग कार्डं दिसतात. तसं करायची गरज नाही, हे सांगणारा एक अभ्यास आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं की ओळखीतून नोकरी मिळाली असेल तर त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होता. वरचेवर भेटणारे निघाले सुमारे १७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५६ टक्के आणि वर्षातून एखाददाच किंवा त्याहून कमी भेटणारे २८ टक्के. कारण साधं आहे. जिवलग मित्रांना जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातून. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरचा प्रयोग आला, त्यातही नोकरी बदलायला मध्यम विरळ, म्हणजे ना फार जवळच्या ना अगदी पुसट, अशा ओळखीच जास्त उपयोगी ठरल्या.

अंतर्मुख माणसासाठी ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. विरळ ओळख टिकवायला रोजच्या गप्पा लागत नाहीत. जुन्या वर्गमित्राला, बदलून गेलेल्या साहेबांना, एकदाच भेटलेल्या गिऱ्हाइकाला वर्षातून दोनदा आठवणीने एक कामाचा संदेश पुरतो. 'शुभ सकाळ'चं चित्र नको. "सर, तुम्ही ड्रिपच्या फिल्टरबद्दल विचारलं होतं, हे वाचण्यासारखं आहे," असा, त्या माणसाला उद्देशून लिहिलेला. असे तीस-चाळीस जण सांभाळणं कुठल्याही अबोल माणसाला जमतं.

कार्यक्रमाला जावंच लागलं तर लवकर जा. उशिरा गेलं की लोकांची कोंडाळी जमलेली असतात आणि कुठे शिरावं कळत नाही. आधी गेलं की चारच माणसं असतात, आणि तीही तुमच्यासारखीच इकडेतिकडे बघत असतात. शक्य असेल तर एखादं काम अंगावर घ्या, नावनोंदणीचं टेबल किंवा प्रोजेक्टर. हाताला काम असलं की बोलायला निमित्त आपोआप मिळतं.

काम संपलं की गिऱ्हाइकाकडे मत मागायला लाजू नका, पण नेमकं मागा. "दोन शब्द लिहा ना साहेब" म्हटलं की 'खूप छान सेवा' येतं आणि त्याने कुणाचाच भरवसा वाढत नाही. "आधी काय अडचण होती आणि आता काय फरक पडला, एवढं लिहाल का?" असं विचारा. स्वतःबद्दल बोलणं ज्याला जमत नाही त्याच्या वतीने हे चार ओळींचं मत बोलतं.

बोलावं लागतंच तेव्हा

सगळं लिहून भागत नाही. मुलाखत असते, गिऱ्हाइकापुढे भाव सांगायचा असतो, कधी ग्रामसभेत उभं राहावं लागतं. अशा वेळी अंतर्मुख माणूस बोलू शकतो का? शकतो. ब्रायन लिटल हे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ स्वतः अत्यंत अंतर्मुख, आणि तरीही विद्यार्थ्यांचे लाडके वक्ते. त्यांचं म्हणणं असं की ज्या कामावर आपला जीव आहे त्यासाठी माणूस काही काळ स्वभावाबाहेर जाऊन वागू शकतो. मात्र त्यानंतर त्याला एकांत लागतो. व्याख्यान झालं की गर्दी टाळायला ते स्वच्छतागृहात जाऊन बसत, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. म्हणून मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी कुणाकडे जेवायला जायचं ठरवू नका. आदल्या रात्रीच्या बसने पुण्याला जाऊन थेट मुलाखतीला बसू नका. शक्ती मर्यादित आहे, ती एकाच ठिकाणी खर्च करा.

तयारी म्हणजे भाषण पाठ करणं नव्हे. तुमच्या कामातले तीन प्रसंग नीट बसवून ठेवा: काय अडलं होतं, तुम्ही काय केलं, पुढे काय झालं. बहुतेक प्रश्नांची उत्तरं याच तिन्हींतून देता येतात. प्रश्न आल्यावर दोन क्षण थांबून बोललात तरी चालतं, आधी सांगून टाका: "विचार करून सांगतो." आणि बोलणं संपल्यावर 'आपण वाईटच बोललो' असं वाटलं तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की पहिल्या भेटीनंतर माणसं, समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमीच बांधतात.

विक्रीचं काम अंतर्मुखाचं नाही, असंही म्हणतात. अ‍ॅडम ग्रँट यांनी २०१३ मध्ये फोनवरून विक्री करणाऱ्यांचा अभ्यास केला तेव्हा सगळ्यात जास्त विक्री ना अति बोलक्यांची निघाली ना अति अबोलांची. ती मधल्या पट्टीतल्या लोकांची होती, जे बोलतातही आणि ऐकूनही घेतात. म्हणजे अगदी टोकाच्या अबोल माणसाला थोडं पुढे सरकावं लागेल, हे मान्य करू. बोलक्या माणसालाही तितकंच मागे सरकावं लागतं.

फोन वाढल्यावर

दीड-दोन वर्षं असं नेमाने चाललं की एक वेगळीच अडचण येते, आणि तिच्याबद्दल आधी कुणी सांगत नाही. फोन वाढतात. अनोळखी नंबर, जेवताना, रात्री दहाला. ज्याला फोन नको म्हणून लिहायला सुरुवात केली त्याच्याच मागे फोन लागतात, आणि कित्येक जण इथेच कंटाळून सगळं बंद करतात. त्यासाठी नियम आधीच ठरवून प्रोफाइलवर लिहून ठेवा: आधी व्हॉट्सअ‍ॅपवर अडचण आणि फोटो पाठवा, फोन संध्याकाळी पाच ते सात. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार आहे त्याला लिंक पाठवा. जे काम आपलं नाही ते स्पष्ट नाकारा, आणि नाकारताना ते चांगलं करणाऱ्या दुसऱ्याचं नाव सांगा. असं आलेलं काम त्या दुसऱ्या माणसाच्या ध्यानात राहतं, आणि पुढे कधी त्याच्याकडे तुमच्या विषयाची अडचण आली की तो तुमचा नंबर देतो.